कोळशावरचे चारशे रुपये

२६ फेब्रुवारी २०१० रोजी प्रणव मुखर्जी लोकसभेत अर्थसंकल्प मांडत होते. पेट्रोल आणि डिझेलवरचे उत्पादन शुल्क लिटरमागे एक रुपयाने वाढवल्याचे त्यांनी सांगितले आणि सभागृहात गदारोळ झाला. विरोधी बाकांवरचे सदस्य सभात्याग करून बाहेर पडले. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांचे मथळेही त्याच एका रुपयाचे होते. त्याच भाषणातल्या दोन-तीन वाक्यांकडे मात्र फारसे कोणी लक्ष दिले नाही. देशात निघणाऱ्या आणि परदेशातून येणाऱ्या प्रत्येक टन कोळशावर ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लावायचा आणि त्या पैशातून राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी उभारायचा, असा तो प्रस्ताव होता. लिग्नाइट आणि पीटही त्याच कक्षेत आले. १ जुलै २०१० पासून वसुली सुरू झाली.

टनाला ५० रुपये ऐकायला किरकोळ वाटतात. वीजकेंद्राच्या सायडिंगवर कोळशाचा एक रेक रिकामा होतो तेव्हा साधारण ४,००० टन माल उतरतो. म्हणजे एका रेकवर दोन लाख रुपये. सहा वर्षांनी हाच कर टनाला ४०० रुपये झाला, तेव्हा तोच रेक १६ लाख रुपये भरू लागला. कोळसा जाळण्यावर, त्यातून निघणाऱ्या धुराचा हिशेब मनात धरून थेट कर लावणारे देश तेव्हा जगात मोजकेच होते आणि भारत त्यांच्यात जाऊन बसला होता. पुढच्या १५ वर्षांत या कराचे काय झाले, हे नीट समजून घ्यायला हवे. कारण चांगली कल्पना कशी उभी राहते आणि कशी दुसऱ्याच कामाला जुंपली जाते, ते त्यात स्पष्ट दिसते.

ही कल्पना अचानक आलेली नव्हती. डिसेंबर २००९ मध्ये कोपनहेगनची हवामान परिषद झाली. परिषदेच्या तोंडावर भारताने जाहीर केले होते की, २००५ च्या तुलनेत २०२० पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या दर रुपयामागचे उत्सर्जन २० ते २५ टक्क्यांनी कमी करू. जयराम रमेश तेव्हा पर्यावरण मंत्री होते. ११ जानेवारी २०१० रोजी जवाहरलाल नेहरूंच्या नावाने राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले. २०२२ पर्यंत २०,००० मेगावॅटचे उद्दिष्ट होते. सूर्यापासून मिळणारी वीज तेव्हा भलतीच महाग होती. केंद्रीय वीज नियामक आयोगाने २०१० मध्ये सौर विजेचा दर युनिटला जवळपास १८ रुपये धरला होता. हा फरक कोणीतरी भरून काढायलाच हवा होता आणि तो कोळशाने भरावा, हे न्यायाला धरूनच होते.

त्याच डिसेंबरात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक क्षेत्रांची प्रदूषणानुसार यादी प्रसिद्ध केली. अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबादच्या पाठोपाठ चौथ्या क्रमांकावर चंद्रपूर होते, निर्देशांक ८३.८८. पुढच्याच महिन्यात यादीतल्या अतिप्रदूषित क्षेत्रांत नव्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी देण्यावर स्थगिती आली. चंद्रपूरकरांना त्या आकड्यात नवे काही नव्हते. दुर्गापूर, ऊर्जानगरच्या बाजूला वाळत घातलेले कपडे झटकल्याशिवाय घरात घेता येत नाहीत आणि गाडीच्या काचेवर बोट फिरवले तर रेघ उमटते. एका बाजूला वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या उघड्या खाणी, दुसऱ्या बाजूला महाऔष्णिक केंद्राच्या चिमण्या आणि मधल्या रस्त्यांवर कोळशाचे ट्रक. उरलेल्या महाराष्ट्राचे पंखे आणि कारखाने ज्या विजेवर चालतात, तिची राख या जिल्ह्याने वर्षानुवर्षे अंगावर घेतली आहे. कोळशावरच्या कराची चर्चा दिल्लीत टक्केवारीत होते. माझ्यापुरती ती चंद्रपूरपासून सुरू होते.

उपकराची रचना मात्र पहिल्या दिवसापासून कच्ची होती. वसुली जुलै २०१० मध्ये सुरू झाली, पण निधी कशावर आणि कसा खर्च करायचा, याला मंत्रिमंडळाच्या समितीची मान्यता मिळायला एप्रिल २०११ उजाडले. तोपर्यंत पहिल्या वर्षाचे हजार कोटींहून अधिक रुपये जमाही झाले होते. शिवाय उपकराचा पैसा थेट निधीत जात नसे. तो आधी भारताच्या संचित निधीत जमा होई आणि मग संसदेच्या मंजुरीने वर्षावर्षाला त्यातला काही भाग निधीकडे वळवला जाई. किती वळवायचा, हे अर्थ मंत्रालयाच्या त्या वर्षीच्या ओढगस्तीवर ठरे. वित्तीय तूट आवरायची असेल तर वळवायची रक्कम हात आखडून ठेवली जाई. उपकर या प्रकारातच ही पळवाट आहे. त्यात केंद्राला राज्यांशी वाटणीही करावी लागत नाही. कोळसा चंद्रपूर, कोरबा, धनबादच्या जमिनीतून निघायचा आणि त्यावरच्या उपकरातला एक पैसाही महाराष्ट्र, छत्तीसगड किंवा झारखंडला हक्काने मिळायचा नाही. राज्यांच्या मनात ही सल राहिली आणि पुढे तीच निर्णायक ठरली.

आता हा कर प्रत्यक्षात कुठून कुठे प्रवास करत होता ते पाहू. एक युनिट वीज बनवायला आपल्याकडचा कोळसा साधारण ६५० ते ७०० ग्रॅम लागतो. ५० रुपये टनाने युनिटमागे सव्वातीन-साडेतीन पैसे पडायचे, ४०० रुपयांनी २६ ते २८ पैसे. हा बोजा वीजकेंद्राच्या नफ्यातून जात नसे. दीर्घ मुदतीच्या वीज खरेदी करारांत कायद्यातील बदलामुळे वाढलेला खर्च ग्राहकाकडून वसूल करण्याची तरतूद असते. उपकर वाढला की कंपन्या नियामक आयोगाकडे जात आणि तो दरात घालून मिळे. महावितरणच्या बिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार यांच्या रांगेत इंधन समायोजन आकार नावाची एक ओळ असते. इंधनाच्या खर्चातली चढउतार त्या वाटेने घरोघरी पोचते. म्हणजे कर लावला कोळशावर, भरला वीज वापरणाऱ्याने.

तरीही, कर ग्राहकाने भरला म्हणून तो निरुपयोगी ठरत नाही. कोळशाची वीज महाग झाली आणि शेजारी दुसरी वीज तयार उभी असली, तर खरेदीदार तिकडे वळतो. ऐरोलीचे राज्य भार प्रेषण केंद्र रोज मेरिट ऑर्डर लावते, म्हणजे चलखर्चाने सर्वांत स्वस्त वीज आधी आणि महाग वीज शेवटी. पण आपल्याकडे कोळशाच्या केंद्राच्या मागे रांगेत उभे होते ते दुसरे कोळशाचेच केंद्र. कर सगळ्यांवर सारखा, त्यामुळे रांग फारशी हललीच नाही. पर्याय व्हायला हवा होता तो नैसर्गिक वायूचा. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या डी-६ क्षेत्रातून २००९ मध्ये वायू आला आणि देशभर आशा पालवल्या. मात्र २०१० नंतर तिथले उत्पादन घसरत गेले ते घसरतच. दाभोळची रत्नागिरी गॅस कंपनी, जवळपास २,००० मेगावॅट क्षमतेची, २०१३ च्या सुमारास वायूअभावी ठप्प झाली. अरबी समुद्राच्या काठावर तयार यंत्रे गंजत पडली आणि त्याच वेळी चंद्रपूर, कोराडी, परळीची धुराडी धडाडत राहिली.

ब्रिटनमध्ये नेमके याच्या उलट घडले, म्हणून त्याचा उल्लेख इथे गरजेचा आहे. तिथल्या सरकारने एप्रिल २०१३ पासून वीजनिर्मितीसाठी कार्बनची किमान किंमत ठरवली आणि २०१५ पासून युरोपच्या कार्बन बाजारभावाच्या वर टनाला १८ पौंड, म्हणजे तेव्हाचे सुमारे १,७०० रुपये, असा जादा कर बसवला. वायूवर चालणारी केंद्रे आधीपासून उभी होती, अर्धी क्षमता रिकामीच होती. उत्तर समुद्रात पवनचक्क्या उभ्या राहत होत्या. कराने फक्त रांगेतली जागा बदलली. २०१२ मध्ये ब्रिटनची सुमारे ४० टक्के वीज कोळशापासून येत होती, २०१८ मध्ये ती पाच टक्क्यांच्या आसपास आली आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी रॅटक्लिफ-ऑन-सोर हे शेवटचे कोळसा वीजकेंद्र कायमचे बंद झाले. भारताचा कर शिखरावर होता तेव्हाचा हिशेब त्याशेजारी ठेवावा. एक टन कोळसा जाळला की साधारण दीड टन कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे ४०० रुपये हा कार्बनच्या टनाला अडीचशे ते पावणेतीनशे रुपये दर झाला. रक्कम थोडी आणि वळायला जागा नाही, अशा दुहेरी पेचात आपला कर सापडला होता.

त्याचे राजकीय वजन मात्र वाढतच होते. सरकार बदलले, अरुण जेटलींनी जुलै २०१४ च्या अर्थसंकल्पात उपकर १०० रुपये केला, फेब्रुवारी २०१५ मध्ये २००, फेब्रुवारी २०१६ मध्ये ४००. नावही स्वच्छ पर्यावरण उपकर झाले. अरविंद सुब्रमणियन मुख्य आर्थिक सल्लागार असताना २०१४-१५ च्या आर्थिक पाहणीत एक अख्खे प्रकरण याला वाहिलेले होते. कच्च्या तेलाचे भाव पडत असताना पेट्रोल-डिझेलवरचे अनुदान काढून शुल्क वाढवणे आणि कोळशावर उपकर लावणे, हे दोन्ही मिळून भारत कार्बन अनुदानाकडून कार्बन कराकडे निघाला आहे, असे त्यात मांडले होते. ते खरेही होते. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले होते. पॅरिस परिषदेआधी, ऑक्टोबर २०१५ मध्ये, भारताने संयुक्त राष्ट्रांना जे संकल्पपत्र दिले त्यात उपकर चौपट केल्याची गोष्ट अभिमानाने नोंदवली. अभिमान रास्त होता. अमेरिकेला जे राष्ट्रीय पातळीवर जमले नव्हते, ते आपण केले होते.

निधीतून काही चांगली कामेही झाली. तमिळनाडू, गुजरात, राजस्थान, महाराष्ट्र यांसारख्या आठ राज्यांत पवन आणि सौर वीज वाहून नेण्यासाठी हरित ऊर्जा मार्ग आखण्यात आला. राज्यांतर्गत वाहिन्यांच्या खर्चातला ४० टक्के वाटा या निधीच्या अनुदानातून येणार होता, ४० टक्के जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेच्या कर्जातून आणि उरलेला राज्यांकडून. पवनचक्की किंवा सौर पॅनेल बसवणे हा कामाचा निम्मा भाग असतो. वीज उपकेंद्रापर्यंत नेणारी तार नसेल तर चांगले वारे असूनही चक्की बंद ठेवावी लागते. त्या तारांसाठी कोळशाचे पैसे लागावेत, याहून नेमका उपयोग मला सुचत नाही.

आणि त्याच काळात सौर विजेचा भाव असा कोसळला की, धोरण आखणारेही चकित झाले. २०१० च्या अखेरीस सौर अभियानाच्या पहिल्या लिलावात सर्वांत कमी बोली १० रुपये ९५ पैशांची होती. मे २०१७ मध्ये राजस्थानातल्या भाडला येथे २ रुपये ४४ पैशांची बोली आली. एनटीपीसीच्या कोळशाच्या विजेचा सरासरी दर तेव्हा तीन रुपयांच्या वर होता. यात उपकराचा हात थोडा, चिनी कारखान्यांच्या प्रचंड उत्पादनाचा, उलट्या बोलीच्या लिलावांचा आणि स्वस्त भांडवलाचा अधिक. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. २०१० मध्ये कोळशावरच्या कराला पर्यायाचा आधार नव्हता, तो पर्याय २०१७ च्या मे महिन्यात पहिल्यांदा समोर येऊन उभा राहिला. आता कराची धार खऱ्या अर्थाने लागली असती.

नेमक्या सात आठवड्यांनी, १ जुलै २०१७ रोजी, स्वच्छ पर्यावरण उपकर रद्द झाला.

वस्तू व सेवा कर लागू होत होता. राज्यांनी आपले विक्रीकर, जकात, प्रवेशकर सोडून द्यायचे आणि त्याबदल्यात केंद्राने पाच वर्षे त्यांच्या उत्पन्नात दरसाल १४ टक्के वाढीची हमी द्यायची, असा करार होता. हमीसाठी पैसा कुठून आणायचा? तंबाखू, पानमसाला, शीतपेये, महागड्या मोटारी यांच्यावर भरपाई उपकर बसला आणि त्या यादीत कोळसाही गेला. टनाला तेच ४०० रुपये. खाणीच्या दारात काहीच बदलले नाही, रेकमागचे १६ लाख तसेच भरले जात राहिले. बदलला फक्त पैशाचा मुक्काम. सौर पंप, वाहिन्या, संशोधन यांच्यासाठी गोळा होणारी रक्कम आता राज्यांच्या महसुलाची तूट भरू लागली. केंद्राच्याच आकडेवारीनुसार २०१०-११ पासून २०१७-१८ पर्यंत उपकरापोटी ८६,४४० कोटी रुपये जमले होते. त्यातले स्वच्छ ऊर्जा निधीकडे वळवले गेले २९,६४५ कोटी आणि प्रत्यक्ष प्रकल्पांवर खर्च झाले १५,९११ कोटी. म्हणजे शंभर रुपयांतले जेमतेम १८. बाकीचे देशाच्या सर्वसाधारण खर्चात मिसळून गेले. मला या सगळ्या कथेत सर्वाधिक खटकणारा आकडा हाच आहे.

एक कोळसा व्यापारी कंपनी या बदलाविरुद्ध न्यायालयात गेली. साठ्यातल्या ज्या मालावर आधीचा उपकर भरला, त्याच मालावर पुन्हा भरपाई उपकर कसा, हा तिचा प्रश्न होता. दिल्ली उच्च न्यायालयाने तिला अंतरिम दिलासा दिला, पण ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोहित मिनरल्स खटल्यात भरपाईचा कायदा वैध ठरवला. वादाचा मुद्दा दुहेरी आकारणीचा होता. स्वच्छ हवेच्या नावाने घेतलेला पैसा परत त्याच कामाला लागावा, असे म्हणायला न्यायालयाच्या दारात कोणी उभे नव्हते.

राज्यांना दोष देऊन मोकळे होता येणार नाही. ज्यांच्या भूमीत खाणी होत्या त्यांना पूर्वीच्या उपकरातून वाटा नव्हता, नव्या व्यवस्थेत तो सर्व राज्यांना मिळू लागला. करोनाच्या दोन वर्षांत महसूल आटला, केंद्राने राज्यांच्या वतीने २०२०-२१ मध्ये १ लाख १० हजार कोटी आणि २०२१-२२ मध्ये १ लाख ५९ हजार कोटी रुपये कर्ज काढले आणि ते फेडण्यासाठी भरपाई उपकराची मुदत मार्च २०२६ पर्यंत वाढवली. ३१ मे २०२२ रोजी केंद्राने राज्यांना भरपाईचे ८६,९१२ कोटी दिले, त्यातला सर्वांत मोठा वाटा, १४,१४५ कोटी, महाराष्ट्राचा होता. दवाखाने, पगार, पेन्शन त्यातून भागले. पण त्याचा अर्थ असा की, कोळसा जितका जास्त जळेल तितकी तिजोरी भरेल, अशी साखळी आपण स्वतःच जोडून घेतली. ती एकटी नाही. कोळशाच्या किमतीवर १४ टक्के स्वामित्वधन राज्याला मिळते. २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा वाटा जिल्ह्याला मिळतो. रेल्वे तर कोळशाच्या वाहतुकीवर इतकी कमावते की, त्यातून प्रवासी भाड्याचा तोटा भरून निघतो. मुंबईहून गावी जाणाऱ्या माणसाच्या स्वस्त तिकिटात वणी-घुग्घुसच्या कोळशाचा हिस्सा असतो. १०० कोटी टनांवर ४०० रुपये म्हणजे ४० हजार कोटी. इतकी कमाई देणाऱ्या वस्तूचा वापर घटावा, असे मनापासून कोणत्या खात्याला वाटेल?

आणि वापर घटला नाहीच. २०१०-११ मध्ये देशात सुमारे ५३ कोटी टन कोळसा निघाला होता. २०२४-२५ मध्ये तो १०४ कोटी टनांवर गेला. भारताचे कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन २०१० मधल्या सुमारे १७० कोटी टनांवरून २०२३ मध्ये ३०० कोटी टनांच्या घरात पोचले. २०२५ च्या मध्याला देशाच्या वीजक्षमतेतला निम्मा वाटा बिगर-जीवाश्म स्रोतांचा झाला, हे मोठेच यश आहे. पण सूर्य मावळल्यावर विजेची मागणी मावळत नाही आणि प्रत्यक्ष निर्मितीत सुमारे तीन चतुर्थांश वाटा अजून कोळशाचाच राहिला. स्वस्त सौर वीज रात्रीसाठी साठवणे, ही आजची खरी अडचण आहे, आणि साठवणुकीला पैसा लागतो. याच मधल्या काळात, ऑक्टोबर २०२१ पासून, सौर पॅनेलवर १२ टक्के जीएसटी होता आणि कोळशावर पाच.

३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत जीएसटी परिषदेने ही विसंगती काढली. २२ सप्टेंबरपासून सौर पॅनेलवर पाच टक्के आणि कोळशावर १८ टक्के. सोबत कोळशावरचा ४०० रुपयांचा भरपाई उपकर संपला. वरवर पाहता कोळसा महाग झाला. हिशेब करून पाहिला की वेगळे दिसते. टनाला १,००० रुपये किमतीच्या हलक्या कोळशावर आधी ५० रुपये जीएसटी आणि ४०० उपकर, मिळून ४५० रुपये जात. आता १८० जातात. ८,००० रुपयांच्या आयात कोळशावर आधी ८०० जात, आता १,४४०. साधारण ३,०७७ रुपयांच्या खाली जो कोळसा आहे, त्याचा कर उतरला. आणि खाली आहे तो कोणता? भरपूर राखेचा, कमी उष्णतेचा, एका युनिटसाठी जास्त जाळावा लागणारा देशी कोळसा, ज्यावर आपली बहुतेक औष्णिक केंद्रे चालतात. टनावारी कर या कोळशाला जाचक आहे, ही वीज कंपन्यांची तक्रार जुनी होती आणि किमतीच्या प्रमाणात पाहिले तर खोटीही नव्हती. पण हवेच्या बाजूने पाहिले तर सर्वांत जास्त राख उडवणाऱ्या कोळशालाच सर्वांत जास्त सूट मिळाली. वीज थोडी स्वस्त होईल, ग्राहकाला दिलासा मिळेल, हे खरे. चंद्रपूरच्या राख बंधाऱ्याजवळ राहणारा माणूसही ग्राहकच आहे, त्याला मात्र बिलातले काही पैसे वाचवून तीच राख मिळणार आहे.

१ जानेवारी २०२६ पासून युरोपीय संघाने पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते यांच्या आयातीवर कार्बन आकारणी प्रत्यक्ष लागू केली आहे. निर्यातदाराने आपल्या देशात कार्बनची किंमत मोजली असेल, तर तेवढी वजावट मिळण्याची तरतूद त्या नियमांत आहे. जे पैसे आपण आपल्या तिजोरीत घेऊन आपल्याच वाहिन्यांवर आणि साठवणुकीवर खर्च करू शकलो असतो, ते आता युरोपच्या तिजोरीत जाण्याची वाट मोकळी आहे. देशात कार्बनला किंमत लावण्याचा पुढचा प्रयत्न म्हणजे २०२३ मध्ये अधिसूचित झालेली कार्बन क्रेडिट व्यापार योजना. ॲल्युमिनियम, सिमेंट, कागद, क्लोर-अल्कली अशा उद्योगांना तिने उत्सर्जनाच्या तीव्रतेची उद्दिष्टे नेमून दिली, पुढे पोलाद, तेलशुद्धीकरण, कापड यांचाही त्यात समावेश आहे. देशातला सर्वाधिक कोळसा जाळणारी औष्णिक वीजकेंद्रे त्या यादीत नाहीत.